डुकरांना खरजेसाठी आयव्हरमेक्टिन देऊलालोय, गाभण मादीला चालतंय का आणि विकायच्या आधी किती दिवस थांबायचं?

मलप्रभेकाठचा (खानापूर तालुका), २० नोव्हेंबर

नमस्कार सगळ्यांना. जांबोटी रोडच्या बाजूला आमचं गाव, तीन वर्षं झाली डुकरं पाळूलालोय, लार्ज व्हाईट यॉर्कशायर क्रॉस आहेत. आता एकूण २२ आहेत, त्यात विक्रीचे ८, तीन माद्या, एक नर आणि पाच आठवड्यांची १० पिलं. एक मादी गाभण आहे, १८ ऑगस्टला लावलेली.

पंधरा दिवस झाले सगळी भिंतीला घासूलालीत. रात्री शेडकडं गेलं की नुसता घसाघस आवाज, कानं झटकून झटकून एकाचं कान सुजलंय, मांडीच्या आतल्या बाजूला लाल पुरळ, आणि खाऊन पण वजन चढत नाही. गिरणीचा कोंडा, मका, हॉटेलचं उकळलेलं असं सगळं वेळच्या वेळी चाललंय, तरी पण.

औषधाच्या दुकानात गेलो तर त्यानं ५० एमएलची आयव्हरमेक्टिनची बाटली दिली आणि म्हणाला सरसकट १ एमएल मार सगळ्यांना, पिलांना पण. परवा १८ ला मी विक्रीतल्या दोघांना १-१ एमएल मारलं पण. मग मंडळी म्हणाली, अहो ८० किलोच्या डुकराला पण १ आणि या एवढ्याशा पिलाला पण १, हे कसलं गणित? तिथंच हात थांबला. खरं तिला पण माहीत नाही आणि मला पण.

आणि खरी अडचण पुढं आहे. गोव्याचा व्यापारी नाताळसाठी १२ डिसेंबरला ८ नग न्यायला येणार, ॲडव्हान्स घेतलाय. चोर्ला घाटानं नेतो तो. आता इंजेक्शन मारलं तर मांसात औषध राहतंय म्हणे. किती दिवस? बाटलीवरची चिठ्ठी इंग्लिशमध्ये, तीही मुंगीएवढ्या अक्षरात. व्यापाऱ्याला हे सांगायचं का नाही हा प्रश्नच नाही, सांगणारच आहे, लोक नाताळला पोराबाळांसकट खाणार ते. खरं त्याला काय सांगायचं तेच मला माहीत पाहिजे की.

---

निपाणीवाला_अण्णा, २० नोव्हेंबर

भावा आधी ते दुकानदाराचं सरसकट सोड. तुझ्या मंडळींनी बरोबर पकडलंय.

मी अकरा वर्षं डुकरं करतोय. सुरुवातीला मला पण कुणीतरी सांगितलं गाडीचं काळं ऑइल फास, खरूज पळून जाते. फासलं. दोन दिवसांनी एका मादीच्या पोटाची कातडी पापुद्र्यासारखी सोलून आली, उन्हात बसवेना तिला, आठ दिवस खोबरेल लावत बसलो आणि खरूज होती तिथंच. ते ऑइल कातडीतून आत जातं, अंगात मुरतं, मांसात येतं. कुणी सांगितलं तरी करू नको.

दुसरं, खरूजच आहे का हे आधी बघ. मोठ्या नराच्या नाहीतर जुन्या मादीच्या कानात बोट घाल, आत कोंड्यासारखी करडी खपली असते. ती चमच्याच्या मागच्या बाजूनं थोडी खरवडून काळ्या प्लास्टिकच्या झाकणावर ठेव आणि उन्हात पाच-दहा मिनिटं धर, मग भिंगातनं बघ. ऊब लागली की पांढुरके ठिपके हलायला लागतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्याच अंगाला खाज सुटली होती, खरं सांगतो. सापडले नाहीत म्हणजे खरूज नाहीच असं नव्हे, डॉक्टरकडं दिलं तर ते मायक्रोस्कोपखाली बघतात.

माझ्याकडं दरवेळी रोग नराच्या कानातनंच पसरायचा. तो दिसायला ठणठणीत, खाजवत पण नाही फार, म्हणून त्याला कुणी इंजेक्शन मारत नाही, आणि प्रत्येक मादीला तोच लावून देतो.

---

पशुवैद्य_सीमाभाग, २० नोव्हेंबर

मी सरकारी दवाखान्यात आहे, तुमच्याच भागात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. प्रत्यक्ष जनावर बघितल्याशिवाय शेवटचा शब्द माझा नाही, तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना नाहीतर १९६२ ला फोन करून फिरत्या दवाखान्याला बोलवा. हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायचं असतं, ते दुकानदारानं सांगायचं काम नव्हे.

बाटलीवर १ टक्का लिहिलंय का ते पहिल्यांदा बघा. १ टक्का म्हणजे १ एमएलमध्ये १० मिलिग्रॅम. बाजारात ३.१५ टक्क्यांचं लांब टिकणारं पण मिळतं, आणि गाईंच्या लिव्हर फ्लूकसाठी (काळजातल्या चपट्या किड्यांसाठी) क्लोरसुलॉन नावाचं दुसरं औषध मिसळलेलं पण मिळतं, ती दोन्ही घेऊ नका. साधं १ टक्का.

डुकराला डोस आहे किलोला ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.३ मिलिग्रॅम. गाईला २००. इथंच सगळे फसतात, कारण दुकानदाराच्या डोक्यात गाईचा हिशोब असतो. १ टक्क्याच्या औषधाचं १ एमएल गाईला ५० किलोसाठी, डुकराला ३३ किलोसाठी. आता सरसकट १ एमएल म्हणजे काय झालं बघा, तुमच्या ८० किलोच्या डुकराला जवळजवळ अडीच एमएल लागतं, त्याला मिळालं अर्ध्याहून कमी. किडे मरत नाहीत, अर्धवट औषधाची सवय मात्र होते. आणि ६ किलोच्या पिलाला लागतं ०.१८ एमएल, त्याला १ एमएल म्हणजे साडेपाच पट. डुकरात हे औषध तसं बऱ्यापैकी सहन होतं, मोठी विषबाधा शंभर पटीवर नोंदलेली आहे, सुस्ती, अडखळत चालणं, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होणं, थरथर, मग आडवं पडणं असं. खरं म्हणून पाच पट देऊन बघायचं नसतं, पिलू लहान असतं, आणि यावर उतारा म्हणून दुसरं औषध नाही.

काम कसं करतं ते थोडक्यात. किड्यांच्या आणि जंतांच्या नसांमध्ये एक दार असतं जे आपल्यासारख्या प्राण्यांत नसतं, हे औषध ते दार उघडं ठेवतं आणि किडा लुळा पडून मरतो. जनावराच्या मेंदूला पडदा असतो, त्यामुळे औषध आत फारसं जात नाही. जपानमधल्या मातीतल्या एका जिवाणूपासून हे निघालं, ओमुरा आणि कॅम्पबेल या दोघा शास्त्रज्ञांना त्यासाठी २०१५ साली नोबेल मिळालं. १९८१ पासून जनावरांत वापरात आहे. खरजेचे किडे, उवा, मोठे गोल जंत, फुफ्फुसातले जंत, या सगळ्यांवर चालतं. पण अंड्यांवर चालत नाही. म्हणून १४ दिवसांनी दुसरा डोस, तोवर कातडीतली अंडी फुटून नवी पिढी बाहेर आलेली असते आणि ती अंडी घालायच्या आत मारायची असते. सगळ्यांना एकाच दिवशी. एक राहिला तर सगळं परत.

इंजेक्शन कातडीखाली, मानेला, कानाच्या मागं जिथं कातडी सैल असते तिथं. मांसात नाही, शिरेत तर अजिबात नाही. मोठ्यांना १६ किंवा १८ नंबरची सुई, पिलांना २१ ची बारीक, आणि पिलांसाठी १ एमएलचीच सिरिंज घ्या, घरात शुगरवाल्याची इन्सुलिनची सिरिंज असेल तर ती उचलू नका. तिच्यावर एमएल नसतात, युनिट असतात, ४० वाली वेगळी, १०० वाली वेगळी. त्यात गडबड झालेली मी बघितली आहे.

गाभण मादीला चालतं. चालतं म्हणजे मुद्दाम द्यावंच, विण्याआधी ७ ते १४ दिवस, म्हणजे पिलं जन्मल्या जन्मल्या आईच्या कानातले किडे त्यांच्या अंगावर जात नाहीत. १८ ऑगस्टला लावली तर ११४ दिवसांनी, १० डिसेंबरच्या आसपास विणार. तिला २६ नोव्हेंबरला द्या. तोवर बाकीच्यांपासून बाजूला ठेवा, साबणानं घासून धुवा आणि मग स्वच्छ कप्प्यात न्या. दुसऱ्या डोसचं विल्यावर बघून ठरवू.

आता विक्रीचं. हे औषध चरबीत विरघळतं, चरबीत आणि काळजात (कलेजीत) जास्त दिवस राहतं. अमेरिकेतल्या लेबलवर डुकरासाठी १८ दिवस थांबायला सांगितलंय, युरोपातल्या बऱ्याच लेबलांवर २८. मी २८ च सांगतो. तुमच्या बाटलीवर जास्त लिहिलं असेल तर ते पाळायचं. दिवस मोजायचे शेवटच्या इंजेक्शनपासून.

---

कॅम्पातली_काकी (बेळगाव), २१ नोव्हेंबर

मी डुकरं पाळत नाही, विकत घेऊन शिजवते. आमच्या घरी नाताळला सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं गोव्याकडचं कालवण) होतं म्हणजे होतंच, आईच्या आईपासून चालत आलंय, मोठं पातेलं भरून, तीन दिवस आधीच करून ठेवायचं आणि रोज गरम करायचं. म्हणून हे सगळं वाचून पोटात कसंतरी झालं. सोरपोतेलात काळीज पडतंच पडतं, आणि डॉक्टर म्हणतायत औषध काळजातच जास्त राहतं.

डॉक्टर, इतकं उकळल्यावर पण राहतं का? आम्ही आधी उकडतो, मग बारीक तुकडे करून तळतो, मग मसाला आणि व्हिनेगर.

आणि खानापूरच्या दादा, तू व्यापाऱ्याला सांगणारच म्हणालास ना, ते वाचून बरं वाटलं. आम्हाला कोण कुठलं डुक्कर आणि त्याला काय टोचलंय हे कधी कळत नाही रे. मटणवाल्याला विचारलं तर तो हसतो.

---

पशुवैद्य_सीमाभाग, २१ नोव्हेंबर

काकी, शिजवल्यानं सगळं जातं असं धरून चालू नका. थोडं पाण्यात आणि सुटलेल्या चरबीत उतरतं, पण ते पाणी आणि चरबी तर तुम्ही रश्श्यातच ठेवता. हे चुलीवर सुटण्यासारखं काम नाही, ते पाळणाऱ्यानं दिवस मोजूनच सोडवायचं. दिवस भरले की मात्र तुमच्या सोरपोतेलाला काही भीती नाही, काळजासकट.

---

मलप्रभेकाठचा, २१ नोव्हेंबर

डॉक्टर, काकी, अण्णा, सगळ्यांचे उपकार. काल रात्री निपाणीच्या अण्णांनी सांगितलं तसं नराच्या कानात बघितलं. अबब. बोटभर खपली. पोरगीनं शाळेतलं भिंग आणलं, पेंटच्या डब्याच्या काळ्या झाकणावर टाकून सकाळच्या उन्हात धरलं, तिलाच पहिल्यांदा दिसलं, बाबा हे हलतंय म्हणून ओरडली.

बाटलीवरचं इंग्लिश पण तिनंच वाचून दाखवलं. १ टक्काच आहे आणि डुक्कर म्हणून लिहिलंय. आमची मराठी शाळा झाली तिथंच संपली, ती कन्नड पण वाचते त्यामुळं दवाखान्यातली चिठ्ठी पण तीच वाचते.

आता अडलंय ते वजनावर. वजनकाटा नाही, आणि डुकराला काट्यावर चढवणार कोण. अंदाजानं सांगू का?

---

निपाणीवाला_अण्णा, २१ नोव्हेंबर

अंदाज नको, टेप घे. शिंप्याकडचा कापडी टेप. डुक्कर खायला लागलं की शांत उभं राहतंय तेव्हा मोज. पुढच्या पायांच्या लगेच मागं छातीचा घेर, आणि दोन कानांच्या मधल्या टकुऱ्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत पाठीवरनं लांबी. दोन्ही मीटरमध्ये लिही. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३. किलो मिळतात. चार-पाच किलो इकडं तिकडं होईल, खरं डोळ्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरं.

---

मलप्रभेकाठचा, २१ नोव्हेंबर, रात्री

मोजलं! विक्रीतला एक, घेर १०५ सेंटिमीटर, लांबी ११०. मोबाईलवर केलं तर ८४ किलो आलं. अडीच एमएल. आणि नराचं काय सांगू, मी त्याला आजवर १२० किलोचा समजत होतो, घेर १३० आणि लांबी १४५ भरली, म्हणजे १७० किलो. त्याला ५ एमएल लागतंय आणि मी १ मारणार होतो. मग तो बरा कसा होणार, आणि त्याच्यामुळं बाकीची कशी होणार.

डॉक्टर, नराला ५ एमएल एकाच जागी मारायचं का?

व्यापाऱ्याला पण फोन केला. सगळं खरं सांगितलं, खरूज आहे, दोघांना अर्धवट डोस झालाय, पूर्ण डोस मारायचाय, २८ दिवस विकू शकत नाही. पहिल्यांदा चिडला, म्हणाला कुणी बघतंय काय. मी म्हटलं मी बघूलालोय की. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला २१ ला देणार असशील तर चालेल, नाताळच्या आधी कापायला मिळालं म्हणजे झालं.

---

पशुवैद्य_सीमाभाग, २२ नोव्हेंबर, सकाळी

मग हिशोब बसतोय. आज २२. विक्रीच्या आठही जणांना आज पूर्ण डोस, त्या दोघांना पण वजनाप्रमाणे पूर्णच. २० डिसेंबरला २८ दिवस भरतात, २१ ला देता. त्यांना १४ दिवसांनी दुसरा डोस द्यायचा नाही हे पक्कं लक्षात ठेवा, नाहीतर दिवस परत पहिल्यापासून. ते जाणारच आहेत, एक डोस पुरे, खाज उतरेल. बाकीच्यांना, गाभण सोडून, आज आणि परत ६ डिसेंबरला. विक्रीच्यांना वेगळ्या बाजूला ठेवा, मधे कुंपण अंगाला अंग लागेल असं नको, घासायचा ब्रश वेगळा. त्यांच्या पाठीवर रंगाचा पट्टा मारा आणि भिंतीवर खडूनं तारीख लिहा, डोक्यात ठेवू नका.

नराला दोन जागी, मानेच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच. आणि त्याच्या कानातली जाड खपली इंजेक्शननं पटकन जात नाही, खपलीत रक्त नाही तर औषध पोचणार कसं. गोडं तेल लावून मऊ करा, दुसऱ्या दिवशी कोमट साबणपाण्यानं काढा. काढलेली खपली शेडमध्ये टाकू नका, जाळा. मारताना हाताला सुई लागू देऊ नका, लागली तर लगेच धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

रिकामी बाटली आणि सिरिंज ओढ्यात फेकू नका. तुमचा ओढा मलप्रभेलाच जातो ना? हे औषध मासे आणि पाण्यातले किडे यांना फार घातक आहे, अगदी थोडं पण. शेणातल्या किड्यांना पण त्रास होतो. दवाखान्यात आणून द्या.

---

हुक्केरीचा_शेतकरी, २२ नोव्हेंबर

मधेच लिहितोय, माझा अनुभव उलटा आहे म्हणून. मागच्या वर्षी माझ्या डुकरांच्या पायांवर आणि पोटाला जाड काळसर खपल्या आल्या, मी खरूज समजून दोनदा आयव्हरमेक्टिन मारलं, पैसे गेले, फरक शून्य. मग डॉक्टर आले, पहिला प्रश्न विचारला, खाजवतात का? नाही म्हटलं. दुसरा प्रश्न, खायला काय? मी हाडं मजबूत व्हावीत म्हणून मक्यात चुनखडीची पूड भरपूर मिसळत होतो. ते म्हणाले जास्त कॅल्शियमनं आणि मक्यातल्या घटकांनी अंगातलं झिंक अडकतं आणि कातडी अशी होते, हा किडा नाही, झिंकची कमतरता आहे. पूड कमी केली, झिंक सुरू केलं, दोन-तीन आठवड्यांत कातडी मऊ. म्हणून नुसतं कातडी बघून सुई उचलू नका, खाज आहे का बघा.

---

लोंढा_बॉय, २३ नोव्हेंबर

डॉक्टर माझा पण एक प्रश्न. मी मामाच्या डुक्कर शेडवर कामाला आहे, माझ्या हाताला आणि पोटाला पुरळ येऊन रात्रभर खाज येते. मामा म्हणतो जनावराचं औषध थोडं तूच घे, एकच तर औषध आहे, करोनात लोक घेतच होते. घेऊ का? आणि आमच्या कुत्र्याला पण गोचीड झालेत, त्याला पण त्यातलंच देतात आमच्याकडं.

---

पशुवैद्य_सीमाभाग, २३ नोव्हेंबर

नाही. दोघांनाही नाही.

डुकराचा खरजेचा किडा माणसाच्या अंगावर येतो, खाज आणतो, पण माणसाच्या कातडीत घर करून वाढत नाही. डुकरं बरी झाली, कपडे गरम पाण्यात धुतले, काम झाल्यावर आंघोळ केली की बहुतेक वेळा थांबतं. नाही थांबलं तर माणसांच्या डॉक्टरकडं जा, कारण माणसाची स्वतःची खरूज पण असू शकते आणि तिच्यासाठी माणसाच्या मापाच्या गोळ्या, मलम वेगळे आहेत. जनावराचं इंजेक्शन १ एमएलमध्ये १० मिलिग्रॅम, पोटात घ्यायला बनवलेलंच नाही, त्यात थोडंसं चुकलं की माणूस दवाखान्यात.

कुत्र्याच्या बाबतीत तर फारच जपा. कोली जातीच्या आणि त्या वंशाच्या काही कुत्र्यांत तो मेंदूचा पडदा जन्मतःच कच्चा असतो, त्यांना गुराढोरांच्या मापाचं औषध म्हणजे झटके, आंधळेपण, बेशुद्धी, मरण सुद्धा. तुमचा कुत्रा मिश्र असेल तर त्याच्यात कोण आहे हे बघून कळत नाही. शेडमध्ये औषध सांडलं तर लगेच धुवा, कुत्रा चाटतो. गोचिडीसाठी कुत्र्यांची वेगळी औषधं आहेत, दवाखान्यात या.

---

कडोलीकर_७७, २४ नोव्हेंबर

सर अर्जंट आहे. माझ्या तीन डुकरांना कालपासून ताप, खायला बघत नाहीत, कान आणि पोट लाल-निळं पडलंय, एक आज सकाळी मेलं. घरात आयव्हरमेक्टिन आहे. मारू का?

---

पशुवैद्य_सीमाभाग, २४ नोव्हेंबर

मारू नका. हे खरजेचं नाही, आत्ता ताबडतोब तुमच्या तालुक्याच्या दवाखान्याला फोन करा. हा स्वाईन फिव्हर, म्हणजे डुकरांचा जीवघेणा साथीचा ताप असू शकतो. आफ्रिकन असेल तर त्याला औषधच नाही, २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात पहिल्यांदा आला आणि तिकडं लोकांची कळपच्या कळप गेली. मेलेलं कापू नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका. उरलेली कुणाला देऊ नका, शेडमध्ये बाहेरचं कुणी नको, तुम्ही पण दुसऱ्याच्या शेडवर जाऊ नका. माणसाला स्वाईन फिव्हर होत नाही, घाबरू नका, पण फोन आत्ता करा. हॉटेलचं उष्टं घालत असाल तर आजपासून बंद. पुढं कधी घातलंच तर अर्धा तास खळखळ उकळूनच.

---

कडोलीकर_७७, २४ नोव्हेंबर, दुपारी

फोन केला. येतायत. सॅम्पल घेणार म्हणाले.

---

मलप्रभेकाठचा, ८ डिसेंबर

विचारूलाले म्हणून लिहितो. २२ ला दवाखान्यातले डॉक्टर स्वतः आले होते, त्यांच्यासमोर सगळ्यांना मारलं. एका पिलाला पकडायला दोघं लागतात आणि ०.२ एमएल भरायला तिसरा. दोन पिलांच्या मानेला छोटी गाठ आली होती, चार दिवसांत गेली. पहिला आठवडा तर खाज वाढली की काय असं वाटलं, डॉक्टर म्हणाले मेलेल्या किड्यांनी पण खाज येते, थांबा. दहाव्या दिवसापासून रात्री शेड शांत. मंडळी म्हणाली, किती दिवसांनी नीट झोप लागली.

गाभण मादीला २६ ला दिलं. आज पहाटे विली, दोन दिवस आधीच. ११ पिलं, एक मेलेलं. बाकी १० अंगाला गुळगुळीत, कुणाच्या कानात काही नाही, मी टॉर्च लावून एकेकाचं बघितलं.

६ ला बाकीच्यांना दुसरा डोस झाला. विक्रीच्यांना नाही दिला, पाठीवर पिवळा पट्टा आहे. नराच्या एका कानाची खपली गेली, दुसऱ्यात अजून थोडी आहे, रोज तेल लावूलालोय.

---

मलप्रभेकाठचा, २१ डिसेंबर

आज सकाळी गाडी गेली, आठही. वजन सरासरी ९५ भरलं, नऊ दिवस जास्त राहिली त्याचं पण काम झालं. व्यापाऱ्याच्या हातात एक चिठ्ठी दिली, औषधाचं नाव, २२ नोव्हेंबर तारीख, आणि दवाखान्याचा दाखला सोबत. त्यानं ती खिशात न ठेवता दाखल्याबरोबर पिनेनं लावली.

काकी, तुमच्या मटणवाल्याकडं ही जाणार नाहीत, ही सगळी गोव्याला गेली. खरं फेब्रुवारीत आणखी सहा तयार होतील, त्यांना ६ डिसेंबरनंतर काही टोचलेलं नाही. पाहिजे असेल तर आधी सांगा.

---

कॅम्पातली_काकी, २१ डिसेंबर

एक अर्धं मला ठेव. काळजासकट.